सहावी बोट

सिन्नेला त्या दिवशी फक्त एक फोटो काढायचा होता. जानेवारीचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेअकरा. दूर उत्तरेकडच्या स्क्योरवाग गावात त्या दिवसांत सूर्य उगवत नाही. अकरा ते एकच्या दरम्यान दक्षिणेकडचं आकाश तेवढं निळं होतं, डोंगरांच्या कडा दिसू लागतात, आणि मग पुन्हा काळोख. धक्क्यावरचे पिवळे दिवे, काळं पाणी आणि बोटींचे रंग त्या निळ्या उजेडात एकत्र दिसतात. फोटो काढायचा तो तेवढ्यातच.

फोटो पालिकेला द्यायचा होता. जुनं बंदर भराव टाकून बुजवायचं आणि तिथं माशांची गोदामं बांधायची, असं जवळजवळ ठरलं होतं. वाचवायला एकच कलम उरलं होतं. काळोखाच्या महिन्यांत ज्या बंदरात सहा बोटी बांधलेल्या असतात, ते बंदर वापरात आहे असं धरायचं. जुन्या बंदरात बोटी होत्या पाच.

सहा हा आकडा कुणी ठरवला, हा सिन्नेचा प्रश्न होता. ज्याने ठरवला त्याने आयुष्यात एक मासा तरी पकडला होता का? ती सव्वीस वर्षांची होती, तीन वर्षं बर्गेनला फोटोग्राफी शिकून गावात परतली होती आणि चांगला फोटो समोर ठेवला तर माणसांना लाज वाटते, यावर तिचा अजून विश्वास होता. पाच तर पाच. पण त्या पाच बोटींवर माणसं जगतात, हे पालिकेला दिसलंच पाहिजे, असं तिला वाटत होतं.

त्या पाचांतली एक, हिरव्या पट्ट्याची ‘सोलरुन’, तिच्या आजोबांची होती. ओड्डमुंड अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. बंदर बुजलं की बोट नव्या बंदरात न्यायची, म्हणजे घरापासून चाळीस किलोमीटर. तो ती विकून टाकेल, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोट विकल्यावर तो दिवसभर काय करेल, हे मात्र कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

ती ट्रायपॉड लावत होती तेव्हा तो धक्क्याच्या टोकाशी गुडघ्यांवर बसून एका कडीचा दोर बदलत होता. टोकाकडून दुसरी कडी. तिथं बोट नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ हिल्मार ‘टेर्ना’ ही बोट घेऊन समुद्रात गेला आणि परत आला नाही, तेव्हापासून ती जागा रिकामी होती. स्क्योरवागमध्ये तशी रीत आहे. बोट परत आली नाही तर तिच्या कडीला दुसरं कुणी बोट बांधत नाही आणि घरच्यांनी तिथला दोर दरवर्षी नवा करायचा असतो. सिन्ने लहानपणापासून ते बघत आली होती. तिला त्यात वेगळं काही वाटत नव्हतं.

“लांबून अगदी बगळ्यासारखी दिसतेस,” ओड्डमुंड उठत म्हणाला. “एका पायावर उभी राहिलीस तर एखादा मासाही मिळेल.”

“हलू नकोस मधे. एक मिनिटाची फ्रेम आहे.”

“आमच्या वेळी एका फोटोत अख्खं लग्न मावायचं. हिला एका फोटोसाठी पाच फोटो लागतात.”

लागत होते हे खरं. दिवे झगझगीत, पाणी काळं, आणि कॅमेऱ्याला एका वेळी दोन्ही दिसत नाहीत. म्हणून एकाच जागेवरून पाच फ्रेम घ्यायच्या. पहिली पाव सेकंदाची, तिच्यात दिवे नीट येतात. शेवटची पूर्ण एक मिनिटाची, तिच्यात अंधारातलं सगळं हळूहळू उमटतं, दगड, शेवाळ, पाण्याचा पोत. मग घरी बसून प्रत्येक फ्रेममधला चांगला भाग दुसऱ्यावर चढवायचा. बोटी नेहमी छोट्या फ्रेममधून घ्यायच्या, कारण पाण्यावरची बोट मिनिटभर स्थिर राहत नाही. लांब फ्रेममध्ये ती फरकटते, धुरकट होते. लांब फ्रेममधल्या बोटींकडे कुणी बघतच नाही.

त्या दिवशी बाहेर उधाण होतं. बंदराच्या आतही पाणी चढउतार करत होतं, बोटी दोर ताणून कुरकुरत होत्या, टायर धक्क्यावर घासत होते. डिझेलचा आणि खाऱ्या लाकडाचा वास हवेत होता. पाच फ्रेम घेऊन ती घरी गेली.

दुपारी कॉम्प्युटरवर ती एकेक थर लावत बसली. दिवे पहिल्या फ्रेममधले, पाच बोटी दुसरीतल्या, आकाश तिसरीतलं. धक्क्याच्या टोकाशी नुसतं काळं पाणी होतं, तिथं तिने लांब फ्रेम उघडी केली. मग खुर्ची मागे सरकवून तिने अख्खं चित्र पाहिलं.

सहा बोटी होत्या.

टोकाकडून दुसऱ्या कडीला एक बोट बांधलेली होती. पांढरी, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर निळा रंग, वर छोटी केबिन. सिन्नेने लांब फ्रेम एकटी उघडली. तिच्यात बाकीच्या पाच बोटी अपेक्षेप्रमाणे फरकटलेल्या होत्या, नुसते रंगीत डाग. सहावी मात्र लख्ख होती. नाळेवरचा नंबर वाचता येत होता. खिळे मोजता येत होते. मिनिटभर उधाणाच्या पाण्यावर राहून ती केसभरही हलली नव्हती. बाकीच्या चार फ्रेममध्ये त्या जागी पाणी होतं, आणि कडीचा दोर सैल लोंबत होता.

लांब फ्रेममध्ये दोर ताठ होता.

सिन्नेने पहिली शंका स्वतःवर घेतली. जुनी फाईल मिसळली असेल. तिने वेळ पाहिली, क्रमांक पाहिले, कार्ड पुन्हा वाचलं. फ्रेम त्याच दिवसाची होती, अकरा सत्तेचाळीसची.

भीतीपेक्षा तिला आधी सुचलं ते कलम. सहा बोटी. जे फ्रेममध्ये नव्हतं ते चित्रात घालायचं नाही, हा तिने स्वतःला घातलेला नियम होता. बर्गेनमध्ये यावरून तिने एका प्राध्यापकाशी भर वर्गात वाद घातला होता. पण हे तर फ्रेममध्ये होतं. तिने काही रंगवलं नव्हतं, जोडलं नव्हतं. उलट बोट पुसली असती तर ते खोटं झालं असतं.

तरी पाठवण्याआधी तिने चित्र आजोबांना दाखवलं. ओड्डमुंडने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चष्मा लावला, कॉफीचा कप दूर सरकवला आणि पडद्याजवळ वाकला. शेगडीवरचं पाणी उकळून उतू जाऊ लागलं, तरी त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. ते बंद करायला शेवटी सिन्नेच उठली.

“केबिनची काच तडकलेली आहे,” तो म्हणाला. “मी फोडली होती. दुरुस्त करून देतो म्हणालो होतो त्याला.”

“म्हणजे टेर्नाच?”

“टेर्नाच.” त्याने चष्मा काढला. “हे पाठवू नकोस, पोरी.”

ती चिडली. फोटो खोटा नाही, हे तिने त्याला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावलं. बंदर वाचतंय, बोट वाचतेय, आणि एका बिनडोक कलमाला त्याच्याच आकड्याने हरवता येतंय. यात वाईट काय आहे? कागदावर सहा लिहिलं तर कुणाचं नुकसान आहे?

“खोटा असता तर चाललं असतं,” ओड्डमुंड म्हणाला. “ती जागा आपण रिकामी ठेवतो ती का ठेवतो? तो आला नाही, हे कबूल करायला. तिथं बोट आहे असं लिहून दिलंस, की मग ती आहेच. मोजलेली गोष्ट पुन्हा काढून टाकता येत नाही.”

“आजोबा, ही पालिका आहे. इथं मोजलेलं रोज काढून टाकतात.”

त्यावर तो हसला. तेवढ्याने विषय संपला असं तिने धरलं. रात्रीच तिने चित्र पाठवलं.

बैठकीत बेर्ग्ल्योट नावाच्या अभियंता बाईंनी पेन्सिलच्या टोकाने पडद्यावर बोटी मोजल्या, दोनदा. सहाव्या बोटीचा मालक कोण, असं विचारलं. सिन्ने म्हणाली, आमच्या घरातली आहे. तेही खोटं नव्हतं. मग ठराव झाला. बंदरात सहा बोटी असतील तोवर भराव घालायचा नाही. दर जानेवारीत असाच एक फोटो सादर करायचा. नोंदवहीत सहा लिहिलं गेलं.

त्या रविवारी पाचही बोटवाल्या घरांनी मिळून जेवण केलं. उकडलेला कॉड, त्याची कलेजी, गाबोळी. सिन्नेची सगळ्यांनी थट्टा केली, हिला आता निवडणुकीला उभी करू म्हणाले. ओड्डमुंड पोटभर जेवला. निघताना त्याने विचारलं, “परत बघितलास का तो फोटो?” ती नाही म्हणाली. तिने बघितला नव्हता.

पुढचं वर्ष नेहमीसारखं गेलं. पण डिसेंबर सरत आला तरी ओड्डमुंडने रिकाम्या कडीचा दोर बदलला नाही. सिन्नेने विचारलं तेव्हा म्हणाला, की गरज नाही, आहे तो चांगला आहे. तिने जाऊन पाहिलं. दोर खरंच नव्यासारखा होता. फक्त पाण्यातल्या टोकाकडे तो घासलेला होता, जड काहीतरी रोज ओढत असल्यासारखा.

मग पुन्हा जानेवारी आला.

वारा वायव्येचा होता आणि वाढत होता. ओड्डमुंड सकाळी सातलाच जाळं काढायला गेला होता. अकराच्या आत परततो म्हणाला होता, कारण फोटोत सोलरुन हवीच. साडेअकरा झाले. सिन्ने धक्क्यावर उभी राहून ट्रायपॉडचे पाय दगडांच्या फटीत घट्ट करत होती आणि मनातल्या मनात त्याच्यावर वैतागत होती. या माणसाने वेळ पाळली असं एकदा तरी झालंय का? सोलरुनच्या कडीला काही नव्हतं. बाकीच्या चार बोटी पाण्यावर उड्या मारत होत्या. निळा उजेड दक्षिणेकडून उतरायला लागला होता.

तो येईपर्यंत निदान एक संच घेऊन ठेवावा, म्हणून तिने पाच फ्रेम घेतल्या. शेवटची एक मिनिटाची. त्या मिनिटभरात ती कॅमेऱ्याला खेटून वाऱ्याला अंगाने अडवत उभी होती. डोळ्यांना पाण्यावर चार बोटींपलीकडे काही दिसत नव्हतं.

शटर बंद झालं. तिने मागचा छोटा पडदा पाहिला.

पाव सेकंदाच्या फ्रेममध्ये चार बोटी होत्या. दुसरीत चार. तिसरीत, चौथीत चार. पाचव्या फ्रेममध्ये चार बोटी फरकटलेल्या होत्या, नुसते डाग, आणि दोन लख्ख होत्या. टोकाकडून दुसऱ्या कडीला पांढरी टेर्ना, नाळेवर निळा रंग. तिच्या शेजारी हिरव्या पट्ट्याची सोलरुन.

सिन्नेने मोजलं. सहा.

तिने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि आजोबांना फोन लावला. चार वेळा घंटी वाजली. पाचव्यांदा त्याने उचलला.

“आजोबा... कुठे आहेस?”

“कुठे म्हणजे? बंदरात.” आवाज स्वच्छ होता, अगदी कानाशी बोलावं तसा. “आत्ताच बांधली बोट. उशीर झाला का तुला?”

ती वळली. सोलरुनच्या कडीतून दोर पाण्याकडे गेलेला होता. सकाळी तो गुंडाळून धक्क्यावर ठेवलेला तिने स्वतः पाहिला होता.

“इथं कुणी नाहीये,” ती म्हणाली. वाऱ्यामुळे तिला ओरडावं लागत होतं. “इतका वारा आहे... आजोबा, तुला ऐकू येतंय का?”

“वारा?” तो म्हणाला. त्याच्या बाजूने वाऱ्याचा आवाज येत नव्हता. लाटेचा नव्हता, इंजिनचा नव्हता. कुठेतरी मागे कुणीतरी काच बसवावी तशी हलकी ठोकाठोक चालली होती. “पाणी तर अगदी स्थिर आहे, पोरी. आरशासारखं. तू दिसतेयस की मला, बगळ्यासारखी.”

“मला तू दिसत नाहीयेस...”

“दिसेन,” ओड्डमुंड समजूत घालत म्हणाला. “मिनिटभर उभी राहा. हलू नकोस मधे.”