नवव्या पानावरचं रोप

"जरा सावली बाजूला घेता का?"

इस्पितळाच्या मागच्या भिंतीपाशी ती चक्क पालथी पडली होती. कोपरांखाली जुनं वर्तमानपत्र, डोळ्याला कॅमेरा, आणि समोर फरशीच्या फटीतून पसरलेलं वीतभर रोप. सावली हलली नाही.

"घेतो की. पण तुम्ही ज्याचा फोटो काढताय ना, ते उपटायलाच आलोय मी."

तिनं मान वळवली. आधी दिसल्या मातीनं भरलेल्या चपला, मग हातातलं खुरपं, आणि मग हसू दाबून धरलेला चेहरा. इस्पितळाचा माळी होता तो. तिला एकदम ओढणी सावरावीशी वाटली, पण हात रिकामा नव्हता.

"उपटणं दोन मिनिटं थांबेल का?"

"चार थांबेल. ते कुठं पळून जातंय."

"नाव काय?"

"माझं?"

"रोपाचं."

"अं... घोळ," तो म्हणाला. "घोळ आहे. पानं खातात तिची."

तिनं वहीत लिहून घेतलं.

ती एका लहानशा छापखान्यात पुस्तकांची पानं जुळवायची. छापखान्याचे मालक, ज्यांना सगळे काकाच म्हणत, शाळांसाठी एक पुस्तिका काढत होते. वाटेवर सहज दिसणारी चाळीस रानरोपं, पानाला एक रोप. फोटोंचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि झाडांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग तिसऱ्या.

तो खुरप्याच्या टोकानं दाखवत जायचा. ही आंबुशी, ही एकदांडी, हा आघाडा, याच्याजवळ बसू नका, कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो.

"माळीदादा, हे कुठलं हो?" तिनं एकदा विचारलं.

तो खुरप्यानं माती उकरत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "दादा सोडून काहीही म्हणा."

त्या दिवशी तिचे सगळे फोटो हलले.

तीन आठवड्यांत चाळीस पानं भरली. आता भिंतीकडे जायला निमित्त उरलं नव्हतं, या विचारानं तिला झोप येईना. पण खरी धडकी भरली ती छपाईच्या दिवशी सकाळी.

तपासायला आणलेली पानं घरी जमिनीवर पसरली होती. ताईची दीड वर्षाची मुलगी, चिमणी, दुडूदुडू आली आणि तिनं नवव्या पानाचा कोपरा तोंडात घातला.

"काढ गं तो कागद," ताई म्हणाली. "दिसेल ते खाते ही. काय आहे त्यावर?"

"घोळ. पानं खाता येतात, असं लिहिलंय."

"नक्की ना? मुलं वाचून खरंच खातील हो."

"माळी म्हणाला."

"माळी म्हणाला," ताईनं तिचाच सूर काढला. "तीन आठवडे तेच ऐकतेय मी."

ती हसली नाही. चिमणीच्या लाळेनं भिजलेलं पान तिनं उजेडात धरलं. इतक्या दिवसांत तिची नजर थोडी तयार झाली होती. घोळीची पानं जाड, रसाळ असतात. त्यानंच नंतर शिकवलं होतं. फोटोतली पानं मात्र पातळ होती, कागदासारखी. मशीन एक वाजता सुरू होणार होतं. शेकडो शाळांत पुस्तिका जाणार... आणि प्रत्येक शाळेत एखादी चिमणी असणारच.

कॅमेरा गळ्यात अडकवून इस्पितळापर्यंत ती जवळजवळ धावतच गेली. तो नळापाशी पाइप गुंडाळत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा चेहरा बघून लगेच उतरला.

"ते पहिलं रोप," ती धापा टाकत म्हणाली. "उपटलंत ना? मेलं असेल ना ते?"

तो पाइप तिथंच टाकून तिला भिंतीपाशी घेऊन गेला. सगळी भिंत लख्ख साफ होती, फक्त एका फटीभोवती खडे मांडून ठेवले होते आणि आत ते वीतभर रोप तसंच होतं.

तिला विचारायचं होतं, हे का ठेवलंत. पण आधी वेळ नव्हता, आणि मग धीर नव्हता.

तो उकिडवा बसला. एक देठ मोडला. मोडल्या जागी पांढरा दुधासारखा थेंब आला.

"चीक," तो म्हणाला. "घोळीला चीक नसतो. ही नायटी, दुसरंच तण. तोंडात गेली तर जीभ पोळते, पोट बिघडतं."

तिनं फोन लावला. "काका, नववं पान थांबवा... हो, चुकलंय. तासाभरात नवा फोटो आणते." पलीकडून काका बरंच काही बोलले. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

फोन ठेवला तरी तो तसाच बसून होता, मोडलेला देठ हातात धरून.

"बारा वर्षं हेच करतोय मी," तो हळूच म्हणाला. "डोळे मिटून हात लावला तरी ओळखतो. नायटीला घोळ कधी म्हणालो नाही."

"मग त्या दिवशी कसं म्हणालात?"

"त्या दिवशी..." तो अडखळला. कान लाल झाले. "मी रोपाकडे बघितलंच नव्हतं."

तिच्या छातीत सकाळपासून धडधडत होतं, ते थांबायच्या ऐवजी वाढलं. पण आता ते वेगळं होतं.

"रागावलात?" त्यानं विचारलं. "आता माझ्यावर भरवसा नाही राहिला ना?"

"नाही राहिला," ती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस पानं पुन्हा तपासावी लागतील. रोज यावं लागेल."

त्यानं वर पाहिलं. ती हसत नव्हती, पण ओठांचा कोपरा तिचं ऐकत नव्हता.

खरी घोळ नळाच्या ओलीला होती, जाड पानांची, पिवळं फूल उघडलेली. त्यानं देठ मोडून दाखवला. नुसतं पाणी आलं. ती वर्तमानपत्र अंथरून पालथी झाली. ऊन इतकं कडक होतं की पानं पांढरीफटक दिसत होती.

"मी बाजूला होतो," तो म्हणाला.

"नको," ती कॅमेऱ्यामागून म्हणाली. "या, इथं उभे राहा माझ्याजवळ. सावली पडू दे."