पंगतीच्या हॉलचा फोटो

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी तिथं होते, एवढंच सांगते.

नोव्हेंबर २००३. दौंड तालुका. भांडगावच्या पुढं, हायवेपासून आत, एक बंद पडलेलं मंगल कार्यालय होतं. रात्र नव्हती. चांगली उन्हाची दुपार होती.

माझी धाकटी बहीण हर्षदा फोटोग्राफर. पण लग्नाबिग्नाचे फोटो ती काढायची नाही. तिला रिकाम्या जागा लागायच्या. एसटीची शेड, वाचनालय, पंचायतीचा हॉल. माणूस नको, नुसती जागा आणि उजेड. पुण्यात तिचं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं, आणि समोरच्या मोठ्या भिंतीसाठी फोटो अजून मिळत नव्हता.

राखणदार साहेबराव मामांनी कुलूप काढून दिलं आणि ते बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

जेवणाचा हॉल लांबच लांब. लोखंडी टेबलांच्या रांगा. झरोक्यांतून ऊन तिरपं आत आलेलं.

"ताई, हाच!" हर्षदानं ट्रायपॉड लावला. "आता हलू नकोस. शटर बराच वेळ उघडं राहणार आहे."

मी श्वास रोखून उभी राहिले.

आणि...

भुरका.

कढीचा वाटीतून मारतात तसा. लांब. ओला.

"हर्षदा, तू केलंस?"

"शू..."

मग पलीकडच्या रांगेतून दुसरा. मग बोटं चाटल्याचा आवाज. मग... मचमच, मचमच. तोंड उघडं ठेवून कुणीतरी चावत होतं.

एकजण नाही. अख्खी पंगत.

टेबलांवर धुळीशिवाय काहीच नव्हतं.

मग वास आला. आंबलेल्या वरणाचा. आणि त्याच्याआडून... न धुतलेल्या तोंडाचा.

मी भिंतीला हात टेकला. भिंत कोमट होती. हात काढला तर बोटांबरोबर चिकट तार आली.

लाळ.

"हर्षदा, चल इथनं!"

ती वळली नाही. डोळा कॅमेऱ्याला लावलेला. पण तिचा जबडा हलत होता...

ती चावत होती.

मी तिला दंडाला धरून ओढतच बाहेर आणलं. साहेबराव मामा ताडकन उठले. त्यांनी फक्त तिच्या तोंडाकडं बघितलं.

"आत काय खाल्लं का, पोरी?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग थुक! आदी थुक!"

ती वाकली. तोंडातून भात पडला. पिवळा, चावून चावून लगदा झालेला. त्यातून एक पांढरा केस लोंबत होता. त्याचं दुसरं टोक अजून तिच्या घशात होतं. तिनं ओढला... ओढतच राहिली.

सकाळपासून आम्ही नुसत्या चहावर होतो.

"त्यातलं काय गिळलं न्हाई नव्हं?" मामांनी विचारलं.

हर्षदा रडायला लागली.

मी घरी हात राखेनं घासला, साबणानं घासला. वास संक्रांतीनंतरही जाईना.

फोटो मात्र अप्रतिम आला. ऊन, टेबलं, शांतता. कुणीसुद्धा नाही. लोकांनी फार कौतुक केलं. हर्षदा स्वतःच्याच प्रदर्शनाला गेली नाही.

आता ती पेजेवर आणि ताकावर जगते. हाडं दिसतात. कितीही विचारलं तरी एकच सांगते, "ताई, घास तोंडात गेला की आधीच कुणीतरी चावलेला असतो."

डॉक्टर म्हणतात, मनाचं आहे. मीही तसंच समजत होते.

परवा माझ्या घरी, माझ्या हातची गरम भाकरी मोडली. घास तोंडात ठेवला...

अजून दात लावला नव्हता.