जीपच्या तळाला दुसरा हात

अनंतानं हौसाला पहिल्यांदा पाहिलं ते घोट्यापासून खाली.

भामा नदीच्या उतारावर, ऐन पाण्यात, एक जीप उभी होती आणि जीपच्या पोटातून एक पाय खाली लोंबत होता. पायात चांदीची तोरडी. मधूनच तो पाय चिडून पाण्याला लाथ मारत होता. अनंत सायकल खांद्यावर घेऊन नदी ओलांडत होता, तो मध्येच थांबला. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस… पाण्यातून काय काय वर येतं ते त्यानं पाहिलं होतं. पण मोटारीतून खाली आलेला पाय? छे.

"बघताय काय?" वरून आवाज आला. "पाय न्हाई पाहिला कधी?"

त्यानं मान वर केली. मागं एक मुलगी अगदी ताठ बसली होती, हातात जत्रेच्या नैवेद्याचं ताट. वरून बघणाऱ्याला वाटावं, बाई देवदर्शनाला निघाल्यात. खालून बघणाऱ्याला खरं काय ते कळत होतं.

"पाय पाहिलाय," अनंत म्हणाला. "गाडीचं पाचवं चाक पाहिलं नव्हतं."

"आबा बैल आणायला गेल्यात. तवर नजर वर ठेवा."

"वर ठेवतो… पण वर तर जास्तच कठीण आहे."

हौसाला यावर काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. ताटातला नारळ तिनं उगाच सरळ केला.

अनंतानं सायकल काठाला टाकली, हाताला पंचा गुंडाळला आणि गाडीखाली शिरला. गंजून पापड झालेला पत्रा तिच्या घोट्याभोवती आवळला होता.

"पाय धरावा लागेल. …धरू?"

"न धरता निघंल का?"

"नाय."

"मग इचारता कशाला!"

पाय निघाला. अनंताच्या हातात गंजाचा चुरा राहिला, आणि चुऱ्यात काहीतरी हिरवट. त्यानं वास घेतला.

"ह्या पत्र्याला कोणी काय लावलंय?"

"शेण," हौसा मोठ्या अभिमानानं म्हणाली. "दर शनवारी सारवते मी."

अनंत हसणार होता. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं हसू गिळलं.

कारण ते हसण्यावारी नव्हतं. हौसाच्या आईला अडलेल्या बाळंतपणात चाकणच्या दवाखान्याकडं नेताना बैलगाडी ह्याच उतारावर थांबली होती. पुढं पूर होता. पूर ओसरला, पण आई थांबली नाही. त्यानंतर हौसाच्या वडिलांनी, उद्धवरावांनी, मळ्याचा एक तुकडा विकला आणि देहूरोडला लष्कराच्या लिलावातून ही जीप आणली. बैलांसारखी हाकतच ते ती चालवायला शिकले. अजूनही ब्रेक दाबताना तोंडानं "हो… हो…" म्हणायचे. वस्तीवरच्या अडलेल्या बाईला, तापानं फणफणलेल्या पोराला, मागच्या तळावर घोंगडी टाकून निजवायचं आणि नदी पार करायची, एवढंच त्या गाडीचं काम. मग जिथं बाई निजते ती जमीन सारवलेली नको? आई घर सारवायची, तशी हौसा जीप सारवायची. पत्रा मातीसारखा शेण पीत नाही, खालच्या खाली कुजतो, हे तिला सांगणार कोण? तिनं मायेनं सारवलं, आणि त्या मायेनंच पत्रा खाल्ला.

बैल घेऊन आलेल्या उद्धवरावांना गाडीखालून दोन अनोळखी पाय बाहेर आलेले दिसले.

"आता ह्यो कोन?"

अनंत बाहेर आला. देहूरोडच्या डेपोत गाड्यांना रंग मारतो, चिंचवडला खोली आहे, बरोबरच्या भिमाजीनं इथल्या जत्रेला बोलावलंय, असं त्यानं एका दमात सांगितलं.

"रंगारी का?" उद्धवराव पत्र्यातल्या भोकाकडं बघत म्हणाले. "मग जत्रा ऱ्हाऊ दे. पावसाच्या आत ह्यो तळ पक्का पायजे. असा, की पाणी लागलं तरी बाई सुखानं निजली पायजे."

पुढच्या रविवारी अनंत आला. भोकावर नवा, पातळसा पत्रा ठोकून बसवला. आता त्यावर लावायचं काय?

सगळ्या वस्तीनं आपापलं डोकं आणलं. कुणी म्हणालं, डांबर. त्यावर गोजाबाई सुईण कडाडली, "उन्हात इतळलं म्हंजी? बाळंतीण उचलायची का डांबर?" डांबर तिथंच मेलं.

अनंतानं पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून डेपोत वापरतात तसा शेंदरी रंग आणला. गंजाला ह्याच्यासारखा वैरी नाही, म्हणाला. संध्याकाळी एका कोपऱ्यात हातभर मारून बघितला. सकाळी येऊन बघतो तर त्या कोपऱ्यात हळद, कुंकू, दोन झेंडूची फुलं आणि फोडलेला नारळ!

"शेंदूर लावला की देव झाला," गोजाबाई हात जोडून म्हणाली. "आता त्यावर पाय कोन ठेवंल? आन बाईला निजवायची म्हंता!"

अनंतानं देव खरवडून काढला. खोबरं मात्र हौसानं त्याच्या हातावर ठेवलं. "खावा. तुमच्याच देवाचा परसाद."

खोबरं चावता चावता त्यानं नव्या पत्र्यावर बोटं वाजवली. मग म्हणाला, "आमच्याकडं होडीच्या तळाला राळ नि तेल लावतात. जन्म पाण्यात जातो होडीचा, पण लाकूड कुजत नाय. दोन हात मारायचे. पहिला वाळला की दुसरा."

"कसलं त्याल?" उद्धवरावांनी विचारलं.

अनंतानं त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं बघितलं. मग जमिनीकडं.

"…गावचं."

डबा गावाहून बोटीनं निघाला आणि पावसाळ्यापुरत्या बोटी बंद व्हायच्या आत पोचला. अनंत राळ उकळून त्यात तेल घालत होता, हौसा जाळ सारत होती, आणि लिंबाखाली राखणीला बसवलेली गोजाबाई झोपल्याचं सोंग करत होती.

"तुमच्यात बायका होडीत बसत्यात?" हौसानं विचारलं.

"बसतात की."

"पाय खाली जात न्हाई त्यांचा?"

"गेला तर मासे गुदगुल्या करतात." ब्रश डब्यात बुडवत तो हळूच म्हणाला, "तुझो गेलो तर… माका उडी मारूची लागात गो."

घाईत त्याच्या तोंडून घरची बोली निघून गेली. हौसानं जाळाकडं तोंड फिरवलं. जाळ काही एवढा लाल नव्हता.

पहिला हात मारून झाला. "वाळेस्तोवर पाय ठेवू नका हां," अनंतानं बजावलं.

तेवढ्यात कुठूनसा एक बोका आला, शेपटी उभारून थेट जीपच्या तळावर उतरला आणि डोळे मिटून पत्रा चाटायला लागला.

"हाड! हाड मेल्या!" म्हणत हौसानं उडी मारली… ती सरळ नव्या पत्र्यावर. बोका पळाला. तिनं पाय उचलला. पाच बोटं, टाच, सगळं उमटलं होतं. राळ पायाला चिकटून आली होती आणि पावलाच्या आत कोरा पत्रा चकाकत होता.

"आता वो?"

अनंत त्या पावलाकडं बघत राहिला. "दुसरा हात मारला की बुजेल," म्हणाला. पण ब्रश काही हलला नाही त्याचा.

दुसरा हात त्यानं पुढच्या रविवारी एकट्यानंच मारला.

त्यानंतर मांजरं आली. आधी वस्तीवरची, मग शेजारच्या वाडीवरची. चाकणच्या बाजारात उद्धवराव गाडीतून उतरले, तर मागं पंक्तीला बसल्यासारखी ओळीनं मांजरं. लोक वाट सोडून बघायला लागले. उद्धवराव घरी आले, वाकले आणि पत्र्याला नाक लावलं.

"रंगारी, हे त्याल कशाचं?"

"मुशीचं."

"मुशी म्हंजी?"

अनंतानं खोटं बोलायची संधी मनात उलटून पाहिली आणि सोडून दिली. "मासा."

उद्धवराव ताडकन मागं सरले. माळ हातात धरून तसेच अंगावरच्या कपड्यानिशी विहिरीवर गेले, चार घागरी ओतून घेतल्या आणि निथळत परत आले.

"माझी बायको गेली, तवा तिच्या नावानं घातलीय ही माळ," ते शांतपणे म्हणाले. "तिच्याच नावाची गाडी. तिला तू मासा चोपडलास… आन सांगितलं न्हाईस. पुन्यांदा या दारात दिसू नगंस."

अनंतानं आपला ब्रशही मागितला नाही. सायकल घेतली आणि गेला. हौसा ओट्यावर उभी होती. सायकल वळणाआड जाईस्तोवर तिथंच.

खरवडायला वेळ नव्हता, ढग आले होते. गाडी उकिरड्याजवळ गेली. उद्धवराव ती चालवायचे आणि दर खेपेला घरी येऊन आंघोळ करायचे. तो पावसाळा त्यांचा विहिरीवरच गेला. हौसा मात्र रोज गाडीतली मांजरं हाकायला जायची आणि हाकता हाकता तिथंच बसायची. सगळा तळ काळाभोर, गुळगुळीत. नव्या पत्र्यावर मात्र एक पाऊल, कोरं, गंजानं तांबूस होत चाललेलं. सगळीकडं दुसरा हात फिरला होता. त्या पावलाच्या कडेनं ब्रश वळून गेला होता… वाटेत झोपलेल्या लेकराला वळसा घालून जावं तसा.

तिला कळलं. बोट फिरवून बघितलं, पुन्हा कळलं.

श्रावणात एका दुपारी वस्तीवरची यशोदाबाई बाळंतपणात अडली. गोजाबाईनं हात टेकले. "चाकण गाठा. न्हाईतर…" पुढचं उद्धवरावांच्या दारात बोलायची गरज नव्हती.

उतारावर पाणी तांबडं, फुगलेलं. उद्धवराव क्षणभर थांबले. मग "चल बाय," म्हणाले, गाडीला का कुणाला कोण जाणे, आणि जीप पाण्यात घातली. मागं यशोदाबाई तळावर पडलेली, उशाला हौसा. पाणी चाकावर चढलं. पत्र्याला खालून धडका बसायला लागल्या. पण तळ धरून होता.

मध्यावर घोंगडी ओली झाली. हौसानं ती सारली. गंजून जाळी झालेल्या त्या एका पावलातून पाणी कारंज्यासारखं उसळत होतं.

तिनं विचार केला नाही. उठली आणि आपला पाय त्या पावलात ठेवला. टाचेत टाच बसली, बोटात बोट. सगळं वजन टाकून ती उभी राहिली. पत्रा तळव्यात रुतत होता. एका हातानं तिनं यशोदाबाईचा हात धरला होता. "आलंच ग… काठ आलाच…"

उद्धवरावांनी एकदाच मागं वळून पाहिलं.

यशोदाबाईला मुलगी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचं रडणं ऐकू आलं, तेव्हा उद्धवराव भिंतीकडं तोंड करून उभे होते. नंतर त्यांनी लेकीच्या तळव्याला पट्टी बांधून घेतली, आणि जीपमध्ये वाकून त्या पावलाकडं बराच वेळ बघत बसले.

रविवारी जीप देहूरोडला डेपोच्या फाटकासमोर उभी राहिली. अनंत धावत आला आणि चार पावलांवर थबकला.

"ये. बघ," उद्धवराव म्हणाले. "सगळा तळ शाबूत हाय. हितंच दुसरा हात का न्हाई मारलास?"

अनंतानं पाऊल पाहिलं. हौसाच्या पायाची पट्टी पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"ब्रश नेला होता… हात उठला नाय."

"हात उठला न्हाई म्हणून बाळंतीण बुडाली असती, रंगाऱ्या."

"चुकलो," तो म्हणाला. "पण खोटं नाय बोलणार. आजही उठणार नाय."

हौसा मान खाली घालून बसली होती. तोरडी मात्र वाजली.

"मासं सोडशील?" उद्धवरावांनी विचारलं.

अनंतानं खूप विचार केला. "…नाय जमायचं. पण घरात आणणार नाय."

"आबा," हौसा हळूच म्हणाली, "मासा लावल्याली गाडी तर दारातच हाय की."

उद्धवरावांनी माळ चाचपली. "व्हय. नदीनं पार जाऊ दिलं, तिनं तेलाची चौकशी केली न्हाई. मला एकट्यालाच आंघोळी." मग ते अनंताकडं वळले. "पत्रा नवा बसव. त्याल तेच लाव, दोन्ही हात लाव. आन पाऊल जपायचंच असंल, तर माणसासकट आपल्या घरात न्यावं. गाडीत कसलं ठेवतोस!"

गावात कुजबुज झाली, जातीवरून भांडणही झालं. उद्धवरावांनी भांडणाऱ्यांना जीपमधून नदीपलीकडं लग्नाला नेलं. वऱ्हाडात मांजरं माणसांपेक्षा शिस्तीत होती.

लग्नानंतर चिंचवडच्या खोलीत हौसानं पहिल्याच दिवशी जमीन सारवली. अनंत कामावरून आला, दारातच थांबला.

"वाळेस्तोवर पाय ठेवू नका हां," ती आतून म्हणाली.

त्यानं चप्पल काढली, आणि मुद्दाम, अगदी मधोमध, एक पाय ठेवला.

हौसा येऊन त्या पावलाकडं बघत उभी राहिली. मग पदर खोचून खाली बसली, शेणाच्या पाटीत हात घातला आणि ते पाऊल सरळ सारवून टाकलं.

"अगो! हे काय केलंस?"

"तुमी रोज येनार न्हवं घरी?" ती म्हणाली. "मग रोज उमटवा की."