नालेची अंगठी

गिरिधरला आईची किंमत नाही. पोटचा असला तरी सांगते. बायको दवाखान्यात पडली, तर मला तिच्या खाटेजवळ टेकू देत नाही. "माय, तू घरी जाय, मी आहो ना." शनीसाठी घातलेली घोड्याच्या नालेची अंगठी खाटेच्या दांड्यावर टकटक वाजवत बसतो. अंगठी जोडाशी उघडी, लुगड्यात अडकते. नीट करून आण म्हटलं तर ऐकत नाही.

पहिल्या बायकोजवळही असाच बसायचा. कौसल्येच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी बरगड्यांतून नळी घातली, पाणी बाटलीत उतरू लागलं, पोरगी उठून बसली. अन् एका दुपारी, हा एकटाच जवळ असताना, गेली.

वर्षाच्या आत प्रेमिला आणली. आता तिलाही खोकला.

छातीचा फोटो काढायच्या खोलीत नर्स म्हणाली, "गळ्यातलं काढा." प्रेमिला रडू लागली. मी तिच्या गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधला अन् मंगळसूत्र माझ्या मुठीत धरलं.

डॉक्टरांनी फोटो दिव्याच्या काचेवर लावला. मला अक्षर येत नाही, पण नळी ओळखू येते. कौसल्येच्या फोटोत पाहिली होती. बरगड्यांतून आत गेलेली पांढरी रेघ.

"हिला नळी कोणी घातली?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणीच नाही."

त्यांनी प्रेमिलाच्या कुशीची कातडी तपासली. सुईचाही डाग नव्हता. दुसरा फोटो काढला.

नळी होतीच. पण आता मधोमध दुमडलेली.

जन्म हातमागावर कापड विणण्यात गेला माझा. कापडाला आपोआप पडलेली मोड वेगळी, चिमटीत दाबून पाडलेली वेगळी. मी काचेला नाक लावलं. मोडीच्या दोन्ही अंगांना बोटांची हाडं होती.

एका बोटात पांढरं कडं. जोडाशी उघडं.

"फोटो बिघडला," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दिवा बंद केला.

मी वॉर्डात आले. प्रेमिला डोळे मिटून धापा टाकत होती. गिरिधरचा हात तिच्या कुशीवर होता. जिथं रेघ होती, तिथंच.

"काय निघालं वं माय फोटोत?"

"तुहा हात निघाला. ऊठ. हिच्याजवळ आता मी बसीन."