विश्वासमुख

निकाल देऊन न्यायाधीश रेहमत सिद्दी मागच्या दाराने बाहेर आल्या. काळा झगा त्यांनी आतच उतरवून ठेवला होता. बाकावर मरियमबी बसली होती. सत्तरीची, त्यांच्यासारखीच आफ्रिकी वंशाच्या, काळ्या वर्णाच्या सिद्दी जमातीची. तिच्या वस्तीचा रानातला वहिवाटीचा हक्क रेहमत यांनी दहाच मिनिटांपूर्वी मान्य केला होता.

मरियमबीने त्यांचा हात धरला. "पोरी, आपल्यातलीच दिसतेस. इथं झाडलोटीला आहेस का?"

रेहमत खुलासा करणार, तोच मरियमबी पुढे बोलू लागली.

"आतल्या साहेबांना माझा सलाम सांग. गोरे, पिकल्या केसांचे. देवमाणूस!"

"आत... पुरुष होते?"

"म्हणजे काय! एवढा वेळ समोर बसून बोलले की माझ्याशी."

रेहमत तडक वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेल्या. न्यायालयात येणाऱ्या सगळ्यांना घालावा लागणारा चष्मा डॉ. विद्याधर नाखवांनी बनवला होता.

"या चष्म्यातून लोकांना आपापल्या भाषेत कागदपत्रं दिसतात, एवढंच मला सांगितलं होतंत."

"करारात 'न्यायाधीशांचे दर्शन सुलभ करणे' असंही एक कलम आहे, मॅडम." नाखवांनी मान खाली घातली. "आम्ही त्याला विश्वासमुख म्हणतो. तुमच्याकडे बघणाऱ्याची नाडी चष्मा मोजतो. तुमच्या जागी कितीतरी चेहरे झरझर दाखवून पाहतो, बघणाऱ्याला कळतही नाही. ज्या चेहऱ्याने मन शांत होतं, तो कायम होतो. कानातला आवाजही त्याला साजेसा. चेहरा आम्ही निवडत नाही. बघणाराच निवडतो."

"त्यात माझा चेहरा असतो?"

"पहिला तोच असतो."

"किती जणांनी निवडला?"

नाखवांनी संगणकावरची नोंद उघडून पाहिली. "तीन वर्षांत एकानेही नाही."

रेहमत खुर्चीत बसल्या. याच तीन वर्षांत त्यांच्या निकालांवरची अपिलं पावपट झाली होती. वकील आवाज चढवेनासे झाले होते. लोकांनी अखेर आपल्याला स्वीकारलं, असं त्या मुलींच्या वसतिगृहांतून सांगत फिरल्या होत्या.

"मरियमबीनेही नाही," त्या पुटपुटल्या. मग उठल्या. "द्या तो चष्मा."

"मॅडम, कशाला?"

"अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसतेय मी. मला तरी मी दिसेन."

चष्मा लावून त्या भिंतीवरच्या आरशासमोर उभ्या राहिल्या.

आरशात एक गोरा, वयस्कर पुरुष उभा होता. त्यांनी गालाला हात लावला. त्यानेही लावला.

"दुपारच्या सुनावणीपासून माझ्या न्यायालयात हा चष्मा कुणीही घालायचा नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. कानात तो हुकूम खर्जातल्या, ठाम पुरुषी आवाजात उमटला. तो ऐकता ऐकता त्यांची इतका वेळ धडधडणारी छाती हळूहळू शांत होत गेली.

ते लक्षात आलं, तेव्हा त्यांनी चष्मा ओरबाडून काढला.