चिमूटभर माया

"तुमचं पाणी चालणार नाही," तो म्हणाला, आणि मेघनाच्या डोक्यात तिडीकच गेली.

आता ठाकुर्लीतली निम्मी दुकानं आणि झाडून सगळी ऑफिसं मेघनाच्या वडिलांच्या प्लांटचं जारचं पाणी पितात. आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. आणि हा चष्मेवाला खिशातून पेनासारखं मीटर काढतो काय, जारमध्ये बुडवतो काय, आणि वर मान हलवतो काय!

"माणसं पितात हे पाणी," ती फणकारली.

"माणसांना झकास आहे हो. पण माझ्याकडे... समुद्र आहे."

"काय आहे?"

"समुद्र. घरात. तिसऱ्या मजल्यावर." तो चक्क लाजला. "खाऱ्या पाण्याची टाकी. पाणी उडून जातं, तेवढं साधं पाणी वरून घालावं लागतं. त्यात काही विरघळलेलं असलं की शेवाळ माजतं. मला मीटरवर शून्य हवंय."

शून्य म्हणे! मेघना हट्टाला पेटली. वडिलांच्या मागे लागून तिनं प्लांटला जादा फिल्टर बसवला, शून्य येईपर्यंत पिच्छा सोडला नाही, आणि जार स्कूटरवर पायाशी ठेवून स्वतःच त्या विनीतच्या दारात उभी राहिली. 'घ्या, मोजा आता!' असं ठणकावायला आलेली. ते राहूनच गेलं.

कारण हॉलमध्ये, जिथं लोकांकडे टीव्ही असतो तिथं, खरंच समुद्र होता. निळा उजेड, आणि त्या उजेडात मंद डुलणारं काहीतरी... गुलाबी, जांभळं, पोपटी. एक काचेसारखी पारदर्शक कोळंबी एका नारिंगी माशाचे गाल साफ करत होती, आणि मासा शहाण्यासारखा तोंड उघडून उभा! मेघनानं काचेला नाक टेकवलं.

"अगं बाई... ही फुलं कसली?"

"फुलं नाहीत. प्राणी आहेत. पोवळी."

"पोवळं? अंगठीतलं? ते जिवंत असतं?"

"अंगठीतलं म्हणजे यांच्या लांबच्या भावकीचं रिकामं घर. ही बघा, भावकी."

मेघनाच्या अंगावर सरसरून काटा आला. अठ्ठावीस वर्षांत तिला कोणी हे सांगितलं नव्हतं.

मग तिला दिसलं, की मधल्या मोठ्या दगडावर हिरव्या केसांचं जंगल माजलंय. "त्याच्याखाली माझी सगळ्यात सुंदर पोवळी आहेत," विनीत हळूच म्हणाला. "गुदमरून मिटून बसलीत. उघडतच नाहीत."

तेव्हापासून जार पोचवायला मेघनाच जायला लागली. प्लांटवर माणसं नव्हती असं नाही! पण शेवाळ काही हटेना. विनीतनं उजेड कमी केला, पंप बदलला, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. शेवाळ आपलं मजेत.

शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "कल्याणला नाथाभाऊ म्हणून माझ्यासारखेच टाकीवेडे आहेत, त्यांना ही टाकी देऊन टाकतोय. गणपतीच्या आधीच्या रविवारी टेम्पो घेऊन येतील. यांना असं मरताना नाही बघवत मला."

मेघनानं मनात हिशेब केला. टाकी गेली की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की तिचं येणं गेलं. मग या दारात उभं राहायचं तरी काय म्हणून? स्वतःशी खोटं किती बोलणार... तो तिला आवडायला लागला होता. चांगलाच.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती जार घेऊन गेली तेव्हा विनीत घोडबंदर रोडला ऑफिसात होता. "बस गं, चहा टाकते," म्हणून त्याची आई, शालनकाकू, आत गेल्या. मेघना टाकीपुढे बसली. तेवढ्यात विनीतचे वडील, सुधीरकाका, फिरून आले, त्यांनी डबी उघडली, चिमूटभर खाणं पाण्यात सोडलं. "जेवा रे बाळांनो," म्हणाले आणि आडवे व्हायला गेले. थोड्या वेळानं काकू पदराला हात पुसत आल्या. "सकाळपासून उपाशी असतील बिचारे," म्हणत त्यांनीही एक चिमूट सोडली. सकाळी विनीत घालून गेलेला, ते वेगळंच.

मेघना थक्क होऊन बघत राहिली. तो नारिंगी मासा तिच्यासमोर येऊन असं काही केविलवाणं तोंड करायला लागला, की विचारू नका! तिला कळलं तेव्हा डबी तिच्याच हातात होती, आणि चिमूट भरलेली.

"अय्यो," ती म्हणाली, आणि हसत सुटली.

विनीत घरी आला तोवर ती तिथंच बसून होती. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "मी पाणी मोजलं, मीठ मोजलं, उजेड मोजला..."

"घरातली माणसं मोजली नाहीस." ती 'तू'वर आली होती, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

काकू मात्र चिडल्या. "मुक्या जीवांना उपाशी ठेवायचं? या घरातून कोणी उपाशी गेलेलं नाही!"

"आई, मासे खातात थोडंसं. उरलेलं कुजतं, आणि त्यावर शेवाळ पोसतं."

"म्हणजे इतके दिवस मी शेवाळाला जेवू घालत होते?" काकूंचा चेहरा पडला. मग त्यांनी डबी उचलली आणि मेघनाच्या हातात कोंबली. "ही तूच ने बाई तुझ्या घरी. इथं दिसली की हात राहत नाही. रोज येऊन तूच घाल."

रोज! विनीतनं चष्मा पुसला. मेघनानं डबी पर्समध्ये टाकली.

सुट्टीच्या दिवशी दोघं शेवाळ उपटायला बसले. बाह्या दुमडून मेघना हात घालणार, तोच तो ओरडला, "थांब! अंगठी तांब्याची ना? तांबं म्हणजे यांना विष."

"तांब्यात बसवलेलं पोवळं आहे. मंगळासाठी. आत्यानं घातलीय... लग्न लवकर जमावं म्हणून."

"अच्छा." तो गडबडला. "मग... राहू दे. म्हणजे, नको. काढावीच लागेल."

"काढते," ती म्हणाली. "बघू मंगळ काय करतो ते."

कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात. ती चिमटीनं हिरवे केस उपटायची, तो नळीनं ओढून घ्यायचा. मध्येच बोटांना बोटं लागायची... कोणी घाईनं मागे घेत नव्हतं. एक कोळंबी येऊन मेघनाच्या नखावर बसली आणि नख साफ करायला लागली. मेघनानं श्वासच रोखला. "विनीत... ही मला घाबरत नाहीये."

"हात हलवू नकोस," तो कुजबुजला. "तिनं तुला आपलं मानलंय."

आठवडे गेले. रोज एकच चिमूट, दर सुट्टीला उपटणं. दगड हळूहळू गुलाबी दिसायला लागला, पण मिटलेली पोवळी मिटलेलीच, आणि नाथाभाऊंना दिलेला शब्दही कायम. टेम्पो यायचा तो रविवार उजाडला.

मेघना आली तेव्हा टाकीचा दिवा नुकताच लागला होता. चौघंही टाकीपुढे उभे, कोणी कोणाकडे बघेना. निरोप द्यायचा कसा?

"ए... ते बघ," मेघना म्हणाली.

दगडाच्या कडेला एक मिटलेला ठिपका थरथरला. शर्टाच्या बटणाएवढी केशरी चकती उलगडली, कडेला हिरवी झालर. मग शेजारची. मग तिच्या शेजारची! बघता बघता अख्खा दगड उमलून आला, आणि पंपाच्या लाटेवर सगळं एका लयीत डुलायला लागलं. काकूंनी नकळत हात जोडले. मेघनाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. एवढा काळ अंधारात दबून बसले होते हे जीव, आणि मेले नव्हते!

फोन वाजला. विनीतनं घाईत स्पीकरच लावला.

"टेम्पो घेऊन खाली उभा आहे," नाथाभाऊंचा आवाज. "वर येऊ ना?"

"सॉरी, नाथाभाऊ. टाकी... नाही देता येणार."

"अरे, आता? काय झालं अचानक?"

विनीतनं मेघनाकडे पाहिलं. "घरात लग्न निघालंय."

काका-काकू वळून बघायला लागले.

"कोणाचं?" मेघनानं विचारलं.

"ते मी एकटा कसा सांगणार?" त्यानं फोन खाली घेतला. "मला तू रोज यायला नको आहेस, मेघना. मला तू जायलाच नको आहेस. तू सांग... आहे का लग्न?"

फोनमधून नाथाभाऊ ओरडत होते, "हॅलो? हॅलो! अहो, मग टेम्पो परत नेऊ का?"

मेघनानं विनीतच्या हातातून फोन घेतला. "न्या, भाऊ," ती म्हणाली. "आणि लग्नाला नक्की या."