दारात थांबलेले मास्तर

माझी ताई कधी खोटं बोलत नाही, अशी सुरुवात करणार होतो.

पण ते खरं नाही. ती एकदा बोलली होती. एकच शब्द. बाकी खाली लिहिलेलं सगळं घडलेलं आहे. बरंचसं तिच्या तोंडून ऐकलं, आणि थोडं माझ्या स्वतःच्या कानांनी. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, माझी काही जबरदस्ती नाही.

आणि हो, रात्रीचे बारा, सुनसान रस्ता वगैरे यात काही नाही. बुधवार, सकाळचे पावणेअकरा. लख्ख उजेड, बाहेर पेशंटची गर्दी, कुणाचं तरी पोर रडतंय, अशा वेळची गोष्ट आहे.

ताई म्हणजे माझी मामेबहीण. एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या विकारांच्या विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. तिथे कंपवातावरच्या एका नव्या औषधाची ट्रायल चालू होती. निम्म्या पेशंटना खरं औषध, निम्म्यांना नुसतीच गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरांना. ताईचं काम एवढंच की दर बुधवारी पेशंटना चालवायचं आणि स्टॉपवॉच लावून वेळ मोजायचा. व्हरांड्यातल्या खुर्चीतून उठा, दारातून आत या, दहा मीटर चाला, वळा, परत जा.

ऐकायला सोपं आहे. ज्याला हा आजार झालाय त्याला विचारा.

यात नुसते हात थरथरत नाहीत. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. आणि हे सगळ्यात जास्त कुठे होतं माहितीये? दारात. मोकळ्या व्हरांड्यात बरा चालणारा माणूस दार आलं की खांबासारखा उभा राहतो. तिथून त्याला ना पुढे जाता येत, ना मागे.

मास्तर असेच होते. शाळेतले नव्हेत, शिवणकामवाले. चाळीस वर्षं मशीन चालवलं त्या पायांनी.

त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, यावर स्वतःच उपाय शोधला होता. मास्तर दारात अडकले की काकू पुढे व्हायच्या आणि आपलं उजवं पाऊल त्यांच्या पायांपुढे आडवं ठेवायच्या. वाटेत काहीतरी आडवं आलं की ते ओलांडायला पाय आपोआप उचलला जातो. एकदा उचलला की गाडी सुरू.

मास्तर नर्सना म्हणायचे, "लोकांच्या बायका पायात पाय घालून पाडतात. माझी पायात पाय घालून चालवते." नर्स हसायच्या. काकू कपाळाला हात लावायच्या. मूलबाळ नव्हतं, दोघांना दोघंच होती.

पण ट्रायलमध्ये हे चालत नव्हतं. पेशंटने आपलं आपण चालायचं. हात नाही, काठी नाही, बायकोचं पाऊल तर नाहीच. आजार आहे तसा दिसावा म्हणून नेहमीच्या गोळ्याही आदल्या रात्रीपासून बंद. आणि नातेवाईकांनी कोपऱ्यापलीकडच्या बाकावर बसायचं.

त्या बुधवारी ताईची मदतनीस रजेवर होती. नियमाने दोन माणसं लागतात. एक वेळ मोजायला, दुसरं पेशंटच्या मागे उभं राहायला. पण बाहेर सात पेशंट ताटकळले होते. ताईने ठरवलं, उरकून टाकू.

मास्तर उठले. चालायला लागले. चप्पल फरशीला घासत, इवली इवली पावलं.

खर्र... खर्र... खर्र...

दारात आले, आणि थांबले.

ताई आत होती, पाच पावलांवर. हातात स्टॉपवॉच.

"हिला बोलवा," मास्तर म्हणाले.

या आजारात आवाजही बारीक होतो. कोपऱ्यापलीकडे तो पोचणं शक्यच नव्हतं.

"तुमचं तुम्ही या, मास्तर. घड्याळ चालू आहे."

मिनिट गेलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ते पुन्हा म्हणाले, हिला बोलवा. ताईने पुन्हा तेच उत्तर दिलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा साडेतीन मिनिटं झाली होती. आत्ता बोलावलं तर आजचा आकडा वाया जाईल, म्हातारबाबांना पुन्हा एक रात्र गोळ्यांशिवाय काढावी लागेल, असा तिने विचार केला. ती वाईट नाही हो माझी ताई.

चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

त्यांचं अंग पुढे आलं. पाय तिथेच राहिले.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन बरं झालं, पण मग छातीत कफ साचला. अकराव्या दिवशी मास्तर गेले.

ऑपरेशनच्या आधी काकूंनी ताईला एकच गोष्ट विचारली होती.

"मॅडम, मला हाक मारली होती का त्यांनी?"

"नाही," ताई म्हणाली.

हाच तो शब्द. अचानक पडले, असं तिने सांगितलं, आणि रिपोर्टमध्येही तेच लिहिलं. काकूंनी मान हलवली. बोलावलं असतं तर मी आले नसते का, एवढंच त्या पुटपुटल्या.

ट्रायल पुढे चालू राहिली.

मास्तरांना जाऊन तीन आठवडे झाले असतील. बुधवार. पेशंट अजून यायचे होते. ताई खोलीत एकटी फॉर्म भरत बसली होती.

खर्र... खर्र... खर्र...

आवाज व्हरांड्यातून दारापर्यंत आला.

आणि थांबला.

तिने मान वर केली. दारात कुणी नव्हतं. झाडूवाला काहीतरी ओढत गेला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. सवयीने घड्याळाकडे नजर गेली. पावणेअकरा झाले होते.

पुढच्या बुधवारीही तेच. आवाज आला, दारात थांबला. परत जाताना काही ऐकू आला नाही.

आता मलाही वाटलं होतं की हे तिच्या मनाचे खेळ आहेत. माणसाच्या मनाला एखादी गोष्ट लागली की कान वाजतात. मी तिला तसं म्हणालोही. मग तिने मला ड्रायव्हर आजोबांचं सांगितलं.

हे आजोबा ट्रायलमध्ये नवे आलेले. जन्मभर बस चालवलेली. त्यांनी मास्तरांना कधी पाहिलंही नव्हतं. ते खुर्चीतून उठले, झपझप आले, आणि दाराशी जरा बाजूला होऊन उभे राहिले.

पाय अडकले का, ताईने विचारलं.

"नाही हो," आजोबा म्हणाले. "आधी यांना जाऊ द्या."

ताईच्या हातातलं स्टॉपवॉच पडलं.

त्या महिन्यात पाच पेशंट त्या दाराशी असे बाजूला होऊन थांबले. एक बाई तर अंग चोरून आत आल्या आणि म्हणाल्या, त्यांना कुणीतरी खुर्ची द्या, किती घाम आलाय त्यांना. सगळ्यांचे आकडे बिघडले. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि ताईला विचारलं, तुमच्याच दारात सगळे का अडखळतात?

ओलांडायला काहीतरी दिसावं म्हणून तिने उंबऱ्यावर पिवळी पट्टी चिकटवली. काही उपयोग झाला नाही.

मग एका बुधवारी, खोलीत कुणी नसताना, तिने दाराशी जाऊन आपलं पाऊल आडवं ठेवलं. या मास्तर, म्हणाली. पाऊल हलू दिलं नाही.

बराच वेळ काही झालं नाही.

मग अगदी जवळून, बारीक आवाजात...

"हिला बोलवा."

ताई तशीच भिंतीला टेकून खाली बसली. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, असं ती सांगते. मेलेला माणूसही तेच मागतोय, आणि आपण अजून त्याला घड्याळ दाखवतोय.

पुढच्या मंगळवारी ती काकूंच्या घरी गेली. काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मास्तरांचेच शर्ट होते, वापरात नसलेले. ताई बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या बोलली.

"काकू, हाक मारली होती. तीनदा."

काकूंनी हातातली घडी पूर्ण केली. नीट ठेवली. मग दुसरा शर्ट घेतला. त्यांनी मुस्काटात मारली असती तरी बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. मग ताईने बाकीचंही सांगितलं, दाराचं, आवाजाचं, ड्रायव्हर आजोबांचं.

"म्हणजे अजून उभेच आहेत का हे?" काकूंनी विचारलं.

ताईने मान डोलावली. तेव्हा कुठे काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच त्या हजर झाल्या. बाकावर बसल्या नाहीत. दाराशी उभ्या राहिल्या. पावणेअकरा झाले.

खर्र... खर्र... खर्र...

काकूंचा चेहरा पालटला. लग्नाच्या नवऱ्याची चाल ती, चुकायची कशी. आवाज दारात येऊन थांबला. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी आपलं उजवं पाऊल आडवं ठेवलं.

"चला, अहो. किती वेळ उभं राहायचं ते."

क्षणभर काही नाही.

मग... एक पाऊल वाजलं. घासत नाही, उचलून टाकलेलं. उंबरा ओलांडून, आत.

ताई हुंदके देत होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. हात कोपराएवढा वर धरून, कुणाला तरी आधार द्यावा तसा, त्या वळल्या आणि हळूहळू व्हरांड्यातून लिफ्टकडे गेल्या. बरोबर तो आवाजही गेला.

त्यानंतर त्या दारात कुणी थांबलं नाही. सुटले मास्तर, असं ताईला वाटलं.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

चारेक महिन्यांनी ताई काकूंना भेटायला गेली. दार उघडलं तेव्हा तिने ओळखलंच नाही. काकू निम्म्या झाल्या होत्या. डोळे खोल गेलेले. ताईने विचारलं, बरं नाही का? काकू म्हणाल्या, झोप नाही.

"हे घरी आहेत ना. आणि घरात सात दारं आहेत."

पहाटे पाचला उठतात, काकू सांगत होत्या. न्हाणीघराच्या दारात थांबतात. मग स्वयंपाकघराच्या. मग बाल्कनीच्या. प्रत्येक दारात जाऊन पाऊल ठेवावं लागतं. नाही गेलं तर हाक मारत राहतात. सुताराला बोलावून आतली सगळी दारं काढली, चौकटीसुद्धा काढल्या. तरी यांना कळतंच की इथे दार होतं.

ताईने घरभर नजर टाकली. भिंतींना नुसती भोकं होती.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मास्तर गेले होते, पण त्यांचा आजार गेला नव्हता. तो काकूंनी हात धरून घरी आणला होता.

काकू चिडून बोलल्या नाहीत, की सूड म्हणूनही नाही. भाजी निवडताना बोलावं इतक्या साधेपणाने म्हणाल्या, "मी आता म्हातारी झाले. माझ्यामागे यांचं कोण करणार? तू शीक."

ताईला नाही म्हणता आलं नाही. म्हणणार तरी कुठल्या तोंडाने?

रोज कामावरून सुटली की ती तिकडे जायची. पाऊल आडवं ठेवायची. मास्तर हलायचे नाहीत. तू घाबरत ठेवतेस, काकू म्हणायच्या, घरच्यासारखं ठेव. असे पाच महिने गेले.

मग एका संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या भोकाशी, ताईच्या पावलावरून गार वारा गेला... आणि पलीकडे चप्पल वाजली.

काकू बघत होत्या. जमलं, एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी जेवल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा निवांत झोपल्या.

सकाळी उठल्या नाहीत.

घराची किल्ली ताईकडे आहे. आता ती तिथेच राहते. हॉस्पिटल जवळ पडतं, असं तिने मामीला सांगितलंय. जवळ पडतं हे खरंच आहे. मी तिला विचारलं होतं, काकूही येतात का गं?

"नाही," ताई म्हणाली. "त्या फार दमल्या होत्या."

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना. म्हणाली, एक दिवस झोपायला मिळालं तर बरं होईल रे. रविवारी येशील का? फक्त दुपारपर्यंत. मी शिकवते, फार अवघड नाही.

मी काही बोलणार एवढ्यात फोनमध्ये मागून आवाज आला.

खर्र... खर्र...

आणि थांबला.

"आले हं मास्तर," ताई म्हणाली. फोन कुठेतरी ठेवला तिने. तिची पावलं लांब गेली. मी कानाला फोन लावून तसाच उभा होतो. मग चप्पल पुन्हा वाजायला लागली, आणि ताई परत आली.

"मग? येतोस ना?"

मी म्हटलं, बघतो.

आज शनिवार आहे. मी तिला अजून काही कळवलेलं नाही.